रुवी, नववा दिवस

आधी लिटरभर पाणी प्यायला लावलं.
मग भिंतीतली छोटी खिडकी सरकली:
पूर्ण नाव?
शलाका दिगंबर तोरसेकर.
या वेळी एकच?
एकच. पाच दिवसांचा.

पडद्यावरच्या करड्यात एक पांढरा ठिपका सुटला,
आणि रिकामी नळी परत सूक्ष्मदर्शकाखाली गेली,
मागे कुणी राहिलं तर नाही ना, बघायला.

लिजी सिस्टर म्हणाली, चाला, शिंका, हसा,
तो काही पडत नाही.
तरी घरी येताना
दर स्पीडब्रेकरला मी टॅक्सीवाल्याला
हळू, हळू म्हणत राहिले.

दिगंबर फहूदला, तेलविहिरीवर.
रात्री फोनवर विचारतो, कसं चाललंय?
दिवस जात नाहीत रे, मी म्हणते,

आणि जीभ चावते.