ना-देय

अकरा सह्या लागतात.
ग्रंथालय, जिमखाना, लेखाशाखा,
वसतिगृह, जिथं मी एक रात्रही झोपले नाही,
आणि तळमजल्यावरची ती खोली,
जिचं काम कुणालाच ठाऊक नाही
पण शिक्का तिच्याचकडं.

बाकीचं सगळं झालंय.
कोर्सवर्क झालं. सहामाही अहवाल दहा.
दोन शोधनिबंध छापून आले, त्यातला एक
तीनदा परत येऊन.
वाङ्मयचौर्याचा आकडा नऊ टक्क्यांवर थांबला
आणि ते नऊही माझ्याच जुन्या निबंधातले,
म्हणजे मी माझ्याच घरात
मागच्या दारानं शिरलेली.

“येमुल, तुझ्याकडं एक पुस्तक आहे,”
कलशेट्टी मॅडम कार्ड वर न बघता सांगतात,
“दोन हजार एकोणीसपासून.”
धातूंच्या थकव्यावरचं, जाडजूड.
मी म्हणते, परत दिलंय.
त्या म्हणतात, शोध.
बाहेर चव्वेचाळीस डिग्री. पंखा फिरतो,
हवा तीच.

भांडारात काळं रजिस्टर.
माझ्या नावापुढं: अल्युमिनाची मूस, नग एक, तडकलेली.
आठशे चाळीस रुपये.
भट्टीत राळ जाळून उरलेले धागे मोजताना
तडकली होती ती, दुपारी साडेतीनला.
मला वेळसुद्धा आठवतो. मी भरते.

सादरीकरणाच्या दिवशी बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं होतं,
काचेच्या धाग्यांची वीण ताणता,
आणि भेगेकडं बघायच्या आधी तिचा आवाज ऐकता,
ही कल्पना आली कुठून?
मी एका जर्मन निबंधाचा क्रमांक सांगितला.
सत्त्याऐंशी.
सुरवसे सरांनी समाधानानं मान हलवली.

खरं तर, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
डबा द्यायला जायची मी, सातवीत.
टर्किश टॉवेलचे चार माग एकदम,
बोललेलं ओठांवरच वाचायचं.
नान्ना पाठ करून चहा पीत असायचे
आणि मधेच, कप तसाच हातात,
“तीन नंबरचा तुटला.”
माग अजून चालूच असायचा.
मग थांबायचा.

माझ्या टेबलावर संवेदक आहे, वाटाण्याएवढा.
त्याला एका वेळी एकच नमुना झेपतो,
तोही दार लावून, पंखा बंद करून.

दोनशे चौदा संदर्भ झाले शेवटी.
तीन नंबरचा माग
कुठल्या पद्धतीनं लिहायचा ते
मार्गदर्शिकेत नव्हतं.

आता नान्नांना डाव्या कानानं
काहीच ऐकू येत नाही.
रात्री मी अर्ज पसरते जमिनीवर.
आज पाण्याचा पाचवा दिवस, अम्मा नळापाशी,
नान्ना बोट ठेवून एकेक अक्षर लावतात.
ना-देय म्हंजे काय गं?
मी उजव्या बाजूला सरकून ओरडते,
कुणाचं काही देणं नाही असा कागद!

ते बराच वेळ शिक्के बघतात.
शेटच्या वहीत त्यांच्या नावावर उचल आहे,
अत्तेच्या लग्नाची, माझ्या पहिल्या वर्षाच्या फीची,
एकतीस वर्षांत कधी कमी, कधी जास्त,
पुसली कधीच नाही.
“असला कागद देतात?” ते हसतात.
“कोण देतंय?”
आणि अर्ज माझ्याकडं असा सरकवतात
जसा गरम तवा.

पुस्तक सापडलं. चुकीच्या कपाटात होतं,
वस्त्रोद्योगाच्या.
दहा सह्या झाल्या.
तळमजल्याची खोली बंद, दारावर खडूनं: उद्या या.

येताना मी रिक्षा शेडपाशी सोडली.
नान्ना आत, मी बाहेर, पत्र्याला पाठ लावून.
डोळे मिटले.
पाच वर्षं मी हेच तर शिकले.
धडधड, नुसती धडधड,
आणि मग अचानक एक माग थांबला.

कितवा, ते मला कळलं नाही.