बांध

पौषात मुहूर्त नसतात.
स्टेजवरची लाल खुर्ची, हारांची ओढाताण
सगळं मिटलेलं असतं; महिनाभर कॅमेरा माझा.

रहिमतपूर सोडलं की जमीन खालीवर होत जाते,
पसरलेल्या घोंगडीखाली मांजर शिरावं तशी.
हुरड्यात आलेला शाळू, खालच्या अंगाला आल्याचे गादीवाफे,
मधे गुऱ्हाळघर.
पत्रे गेलेले, चुलाणात रुई उगवलेली,
धुराडं तेवढं उभं.
त्याच्या दारापासून बांध ओढ्याकडं उतरतो
आणि निम्म्यात हलकेच डावीकडं झुकतो.
त्या वळणासाठी मी तीन सकाळी आलो.
एकदा धुकं.
एकदा उसाची ट्रॉली नेमकी आडवी.

तिसऱ्या दिवशी हिंदुराव फडतरे आले, हातात खुरपं.
"हायवेचा सर्वे का?"
नाही.
"पवनचक्की?"
नाही.
"मग कशाला काढतायसा?"
म्हटलं, चांगलं दिसतंय म्हणून.
चहा न घेता निघालेल्या वायरमनकडं बघावं
तसे ते बघत राहिले.

मग मागच्या पडद्यावर वाकले
आणि मातीनं भरलेलं नख
बरोबर माझ्या वळणावर टेकवलं.
"हितं. हितंच सरकलाय त्यो.
दर नांगरटीला चार बोटं. अठरा वर्सं."

त्यो म्हणजे चुलतभाऊ, सर्जेराव.
गुऱ्हाळ दोघांत: दार ह्यांच्या गटात, धुराडं त्यांच्या.
"कोर्टात हाय म्हणून उभं हाय.
मिटलं असतं तर कवाच पाडून आलं लावलं असतं."
जाताना रुमालात हुरडा बांधून दिला.
"मोठा काढा फोटो. आन् खाली तारीख पाडा."

मी फोटोवर तारीख कधी टाकत नाही.
ह्याच्यावर टाकली. लाल अक्षरांत,
शाळूच्या बरोबर पायथ्याशी.

एक प्रत साताऱ्याला वकिलाकडं गेली.
एक माझ्या स्टुडिओत, नवरा-नवरींच्या मधे.

आठवड्यानं सर्जेराव आले. भिंतीसमोर बराच वेळ उभे.
वळण बघितलं, तारीख बघितली.
"काढलाय झ्याक," म्हणाले,
"पर आमच्या बाजूनं बी एक काढा की."

गेलो.
खरंच, तिथून बांध सरळ दिसतो,
दोरी लावल्यासारखा.
धुराडं मात्र थोडं कललेलं,
कुणाकडं, ते सांगता येत नाही.