आडवी रेघ

चाएकच्या नोंदणी कचेरीत रात्री दहाला
नवी आवृत्ती उतरते आहे.
टक्के चढतात मेंढरांसारखे,
दोन पावलं पुढे, मग बराच वेळ काहीच नाही.
कुलुइपा शेगडीत गोवरी सारते
आणि चहाचा वाडगा दोन्ही तळव्यांत धरून बसते.
बाहेर उणे एकोणीस.

जुनी आवृत्ती अजागळ होती, पण समजूतदार.
नावाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ मारली
तरी चालायचं तिला.
नवीला चालत नाही.
नवी म्हणते, मृत्यू आहे, तर जन्म कुठाय?
म्हणजे आधी जन्माला घाला, मग मारा,
आणि जन्माला घालायचं तर नाव हवं,
किमान दोन अक्षरं.
शेजारी लाल चांदणी.

अडकलेल्या नोंदी एकेचाळीस.
सगळ्या वरच्या उन्हाळी कुरणांतल्या,
जिथून दवाखाना घोड्यावर दीड दिवस
आणि बाळ कधी कधी अर्धाच दिवस थांबलेलं.
खाली आला तो फक्त मृत्यूचा कागद,
तोही कोणी पीठ न्यायला उतरलं तेव्हा.

"निनावी लिहा," बेकतुर सांगतो बिश्केकहून.
त्याच्या मागे कुणाचं तरी मूल
झोपायला तयार नाही.
ती लिहिते, निनावी.
लाल.
हा शब्द नावांच्या यादीत नाही म्हणे.

सकाळी ती यादीतल्या पहिल्या आईला फोन लावते.
उचलतो मुलगा. तुर्सुन. ट्रक चालवतो.
त्या बाळानंतरचा.
आपल्याकडे पोर जगावं म्हणून धोंडू म्हणायचे,
मरणाला वाटावं, दगडच तर आहे, काय न्यायचा.
तिकडे आडपडदा नाही, सरळ मागूनच घेतात:
तुर्सुन म्हणजे राहू दे.

उमसुनाय फोनवर येते.
संगणकाला नाव हवंय, कुलुइपा सांगते,
सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या...
पुढचा शब्द तिला सापडत नाही.
पलीकडे मलई काढायचं यंत्र घरघरत असतं,
ते बंद होतं.
"एर्मेक," उमसुनाय म्हणते, लगेच,
जसं कोणी दाराशी येऊन घर कुठलं विचारावं.
"ठेवलेलं होतं. विचारलं नाही कुणी."

एर्मेक. विरंगुळा.
त्यांच्या लिपीत पाच अक्षरं.
जतन. हिरवं.
मग मृत्यू, तोही हिरवा.

पण या दोन हिरव्यांच्या मधल्या मिनिटात
नव्या आवृत्तीनं आपलं काम चोख केलेलं असतं.
आईच्या क्रमांकावर आपोआप संदेश:
मुलाच्या जन्माबद्दल हार्दिक अभिनंदन!
बाळाला घेऊन जवळच्या केंद्रात यावे.

कुलुइपाला हे कळतं तेव्हा
तिची बोटं कळफलकावरच राहतात.
बेकतुर, परत घे.
परत घेता येत नाही, एजे. गेला तो.
ती उमसुनायला फोन लावते. लागत नाही.
पुन्हा लावते. मग लावत नाही.
दुपारभर ती नुसते विवाह भरते.

चारच्या सुमाराला बाहेर ट्रक थांबतो.
तुर्सुन आत येतो, बुटांचा बर्फ उंबऱ्यावर झाडत,
टेबलावर फडक्याचं गाठोडं ठेवतो.
बोरसोक. अजून कोमट.
तिकडे मेलेल्यांसाठी तेलाचा वास काढतात
तेव्हा हेच तळतात,
आणि घरात मूल आलं की तेव्हाही हेच.
"आईनं दिलंय," तो म्हणतो, "कचेरीत वाटा म्हणाली."
कशाबद्दल?
त्यानं खांदे उडवले.
टोपी हातात फिरवत उभा राहिला थोडा वेळ,
मग विचारलं,
"त्याचा कागद मिळतो का? जन्माचा?"
तिनं छापून दिला. शिक्का दोनदा मारला,
पहिला पुसट उमटला म्हणून.

पाच वाजता बेकतुरचा फोन.
चूक सापडली, एका ओळीची आहे,
दहा मिनिटांत संदेश बंद करतो.
यादीत अजून चाळीस.
कुलुइपाच्या तोंडात बोरसोकचा घास,
चाळीस आडव्या रेघा समोर.
ती खिडकीकडे बघते, घास गिळते
आणि तिच्या भाषेत एकच शब्द म्हणते.
तुर्सुन.