झीज

मशीद एवढीच, की आत अकरा जण उभे राहिले
तर बारावा उन्हात.
मिनार नाही, घुमट नाही. मातीच्या दोन बुटक्या खांबांवर
खजुराच्या ओंडक्यांचं छप्पर,
आणि मक्केकडच्या भिंतीत बसवलेली एक चिनी वाटी,
निळी, कड टवकलेली.
वाटेवर आता पाटी आहे: संरक्षित वास्तू, हात लावू नये.

मी मस्कतहून येते, हज्रच्या डोंगरातला घाट चढून,
टेप, ओळंबा आणि चौदा रकान्यांचा तक्ता घेऊन.
पश्चिमेची भिंत दोन बोटं कललेली. लिहिलं.
फलजचा पाट शेजारून वाहतो,
ओल गुडघ्यापर्यंत चढलेली. तेही लिहिलं.

उंबऱ्याच्या आत जमीन खोलगट,
पसाभर पाणी राहील अशी.
रकाना नववा: झिजेचं कारण.
खल्फान बिन सुवैदना विचारलं.
त्यांनी कोपऱ्यातली केरसुणी दाखवली, खजुराच्या पातीची.
"मी. माझ्याआधी बाप. त्याच्याआधी त्याचा मामा."
सहाशे वर्षं, रोज असरच्या आधी,
चिमूटभर जमीन दाराकडे.

म्हणजे झाडणं बंद.
शिफारस मलाच करायची होती.

मागे सरताना पाय केरसुणीला लागला.
कळायच्या आत मी वाकले,
बोटं तिला, मग कपाळाला.
कुणी शिकवलं आठवत नाही, हातालाच येतं ते.
खल्फाननी पाहिलं. वाटीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी केरसुणी दाराआड,
कुणाचा पाय पोचणार नाही अशी, उभी.
आमच्यात उभी ठेवत नाहीत.
मी सांगितलं नाही.

मग त्यांनी तुपाचा जुना डबा उघडून दाखवला.
केर टाकत नाहीत ते.
वर्षभराची माती साठते,
शाबानमध्ये पेंढा कालवून
भिंतीला लिंपतात, उघड्या हाताने.

मस्कतहून फोन आला:
रकाना दहावा, उपाय, रिकामा कसा?
म्हटलं, थांबा जरा.
जमिनीतली चार बोटं हरवलेली दिसताहेत,
पण ती भिंतीत असावीत.
मोजते आहे.