किरकोळ बदल

जरूडच्या पुढं, डांबरी सुटते तिथं
संत्र्यांचं प्रतवारीचं शेड.
पत्र्याखाली चार मशीन, एक काटा,
आणि काचेच्या खोलीत मी,
जिला सगळे कॉम्प्युटरवाली म्हणतात.

मृग बहार चालू होता. अकरा दिवस
कॅरेटमागं माल कमी भरत होता,
सहाशे ग्रॅम, नेमके सहाशे.
मापारी पैकूजींनी भिंतीवर खडूनं मांडून ठेवलेले.
"काटा खरा हाय," ते म्हणाले,
"तुह्या डब्यात कोनंतरी हात घातला."

वजनाची फाइल काढली.
उजवं बटण दाबलं, इतिहास दाखव म्हटलं.
लाल चौकोन आला:
या फाइलचा इतिहास मिळत नाही.

मिळत नाही म्हणजे?
फाइल समोर आहे. उघडते. चालते.
सकाळपासून दोनशे कॅरेट तिनंच मोजले
आणि म्हणते, मला मागचं काही नाही,
आजच जन्मले.

प्रोग्राम बंद केला, पुन्हा लावला.
जुनी साठवण पुसली. पासवर्ड नव्यानं दिला.
टॉवर पाण्याच्या टाकीमागं,
म्हणून लॅपटॉप घेऊन शिडीवर बसले.
खाली बाया निवडत होत्या,
मोठं, मध्यम, चुरी,
हात न थांबवता वर बघत.
इतिहास नाही.

पुण्याला सुमेध खोब्रागडेला फोन लावला.
मुळात हे सगळं त्यानं लिहिलेलं,
याच खोलीत, तीन उन्हाळे.
आधी विचारलं, कूलर बदलला का?
मग म्हणाला, नाव बघ. पहिलं अक्षर.
सर्व्हरवर लहान आहे, तुझ्याकडं मोठं असेल.

होतं.
माझ्या मशीनला दोन्ही एकच,
सर्व्हरला दोन वेगळी माणसं.
मी ज्या नावानं हाका मारत होते
त्या नावाचं तिथं कोणी राहत नव्हतं.

पैकूजींना सांगितलं. ते हसले नाहीत.
"अक्षरात बी लहान-मोठं असते काय?
आपल्या बाराखडीत तं नाई."
खरंच की. आपला व सगळीकडं तेवढाच,
नावाच्या आरंभी असो की वाक्याच्या मध्यात,
एकाच शिरोरेघेखाली उभा.

अक्षर लहान केलं
आणि नोंदी उतरत गेल्या, दोनशे बारा.
'वीज गेली, अर्धवट ठेवतो.'
'पैकूजी म्हणतात वीस नाही, बावीस. पैकूजी बरोबर.'
'कॅरेट कोरडं १.८. ओलं असताना पुन्हा मोजणे.'
'आज शेवटचा दिवस. चावी खिळ्याला आहे.'
फोनवर सुमेध इतकं कधी बोलत नाही.

सगळ्यात वर एक ओळ.
रिकाम्या कॅरेटचं वजन: १.८ होतं, २.४ झालं.
रात्री अकरा चाळीस.
शेरा: किरकोळ बदल.
नाव माझं.

आठवलं. नव्या निळ्या कॅरेटचा नमुना आला होता, एकच, जड.
तो काट्यावर ठेवला, आकडा बसवला,
नीटनेटकं दिसावं म्हणून
फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं केलं
आणि जेवायला गेले.
निळे कॅरेट पुढं आलेच नाहीत.

तीन हजार सहाशे चाळीस कॅरेट.
एकवीस क्विंटल चौऱ्याऐंशी किलो,
लोकांच्या बागेतले,
माझ्या एका टिंबापलीकडं गेलेले.

दारात पैकूजी, खडू कानावर.
"काय वं, सापडला काय?"
हो म्हटलं.
"कोन?"
कूलरचा आवाज होता, तरी ऐकू गेलं असावं,
कारण त्यांनी खडू काढून टेबलावर ठेवला.
"मंग लिही," म्हणाले. "पुरं लिही."

नोंद दोनशे तेरा.
१.८. चूक माझी. यादी सोबत, नावं आणि किलो.
मग लॅपटॉप उचलून भिंतीपाशी नेला.
पैकूजी एकेक आकडा वाचत गेले,
मी टाइप करत गेले.