कड

एप्रिलमध्ये एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा
मी होल्डरनेसच्या कड्यावर जाते.
पिवळं जॅकेट, तिवई, कौन्सिलचं ओळखपत्र;
त्यावर खांबेटेचं 'खांबेट' झालंय,
बारा वर्षांत दुरुस्त करायचं राहून गेलं.

समुद्रानं हिवाळ्यात किती खाल्लं ते लिहायचं.
या वेळी चार मीटर दहा.
गारबटबाईंच्या दारापासून उरले अकरा.
त्या पावलांत मोजतात: बावीस.
गुडघा दुखत असला तर सव्वीस.

नकाशावर या पट्ट्याला नाव आहे, 'हस्तक्षेप नाही'.
लाटेला विचारून ठेवलेलं नाही ते.
बेव्हर्लीच्या एका खोलीत, कोमट कॉफी, नऊ माणसं,
कोपऱ्यात मीही.
घरांची किंमत भागिले दगडांची किंमत.
उत्तर एकाच्या आत आलं
की पुढे जे होईल ते नैसर्गिक.

दोन मैल दक्षिणेला गॅसची पाइपलाइन समुद्रातून वर येते.
तिथे नॉर्वेहून जहाजानं ग्रॅनाइट आला,
एकेक धोंडा बैलाएवढा.
तोच समुद्र, तीच तपकिरी चिखलमाती,
फाइलवर मात्र राष्ट्रीय सुरक्षा.
त्याच गॅसवर बाईंचा चहा उकळत असेल.
मी तो पिते, दोन कप.

आम्हाला शाळेत पर्यावरण होतं, पन्नास गुणांना.
वहीत झाड काढायचं, खाली घोषवाक्य.
आईकडे हा शब्दच नव्हता.
तिच्याकडे ओढा होता, गायरान होतं,
आणि धरणाचं पाणी चढायच्या आधी
दोन्ही मिळून सरकारी कागदावर एक शब्द आला:
बुडीत क्षेत्र.
पाणी नंतर आलं.

गारबटबाई नुसतं 'बाहेर' म्हणतात.
बाहेर वारा आहे. बाहेर डेरिकची शेड होती,
जानेवारीत गेली, खुराड्यासकट.
कबुतरं वाचली. रोज संध्याकाळी येतात
आणि नसलेल्या छपरावर उतरायला बघतात.

"मग, मी सुरक्षित आहे का गं?"
मी म्हटलं, सरासरीनं पाच वर्षं.
बाईंनी 'सरासरी' चहात बुडवली बिस्किटासारखी.
ती तुटली, तळाला गेली.
दोघी कपात बघत बसलो.

कडा आणि कड, आमच्या भाषेत शेजारी राहतात.
एक मोजायचा असतो, दुसरी घ्यायची.
फॉर्मवर दुसरीसाठी रकाना नाही.
'शेरा' म्हणून दोन ओळींची जागा आहे,
तिथे इतकी वर्षं मी ढगाळ, अंशतः ढगाळ लिहीत आले.

आज अंतराच्याच रकान्यात बावीस लिहिलं.
टॅबनं विचारलं, एकक?
मीटर होते, फूट होते,
खाली सरकवत नेलं तर पाउंडसुद्धा.
पावलं नव्हती.

वारा वाढला तसा स्क्रीन विझला.
मी बोटानं पुन्हा जागा केला,
पुन्हा वरपासून यादी बघायला लागले.