कशाचे टक्के

तासगावात बेदाण्याच्या आडतीवर दुपारी
पत्रा तापतो, गंधकाचा वास खाली उतरतो
आणि कीबोर्डवर साखरेचा चिकट थर बसतो.
शिफ्टची कळ तर रुसलेलीच असते.

बाळगोंडा अण्णा स्टूल ओढून शेजारी बसतात.
बेचाळीस वर्षं लाल कापडी वहीत
त्यांनी इथला दाणा न् दाणा मांडला;
आता मालकांना सगळं शीटमध्ये हवंय.
मी शैनाज मुलाणी, बी.कॉम., चिंचणीची,
पगार नऊ हजार,
त्यातच अण्णांना शिकवणं आलं.

"हिरवा चारशे बारा पेट्या," ते वाचतात,
"पिवळा दोनशे अडुसष्ट. काळा एकशे वीस."
खाली बेरीज, आठशे.
"आता बरोबरचं चिन्ह, अण्णा. बी दोन.
तिरकी रेघ. बी पाच. एंटर."
शून्य पूर्णांक पाच एक पाच.
मी टक्क्याचं बटण दाबते: बावन्न.

"बावन्न?" चष्मा कपाळावर जातो.
"साडेएकावन्न हाय ते.
अर्धा टक्का कुठं गेला? चार पेट्या हाईत त्या,
कुणाच्या तरी दारच्या!"
मी ओशाळून दशांशाचं एक घर वाढवते.
चार पेट्या परत येतात.

मग कोपरा धरून खाली ओढायला सांगते.
पिवळ्यासमोर इंग्रजीत बोंब:
शून्यानं भागताय.
"अण्णा, आपण खाली आलो
तशी बेरीजही खाली सरकली, रिकाम्या घरात गेली.
तिला जागेवर ठेवायला डॉलर लावायचा, इथं आणि इथं."
"म्हणजे खुंटीला बांधायची."
"हो."
"मग तसं म्हण की. डॉलर कशाला मधी?"
मी खुंट्या ठोकेपर्यंत
त्यांनी काळ्याचं सांगूनही टाकलं होतं:
"धा शेकडा ऐंशी, त्याचं निम्मं चाळीस. पंधरा टक्के."

गुरुवारी अण्णा आले नाहीत.
मिरजेला गेले होते, चंपाक्कांना घेऊन.

शुक्रवारी सौदे संपल्यावर
वहीच्या पुठ्ठ्यातून घडीचा कागद काढला.
"डॉक्टर म्हणला, पंपिंग तीस टक्के.
मी इचारलं, कशाचे?
त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली."

बाहेर हमाल पेट्यांची थप्पी लावत होते.
एकाचा रेडिओ चालू होता, बाजारभाव सांगत.
मला माहीत होतं कशाचे.
अब्बांच्या वेळी मी ते मोबाइलवर शोधलं होतं, रात्री तीनला,
सिव्हिलच्या जिन्यात बसून.
"अण्णा, धडधाकट हृदयसुद्धा
आतलं सगळं रक्त बाहेर ढकलत नाही.
शंभरातलं साठेक ढकलतं. तेवढंच पुरतं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग कीबोर्ड स्वतःकडे ओढला.
एका बोटानं बरोबरचं चिन्ह शोधलं.
तीस. तिरकी रेघ.
साठ लिहिताना बोट सहावर थांबलं,
जसं तागडीचा काटा स्थिर व्हायची वाट बघतात.
एंटर.

शून्य पूर्णांक पाच.

मी टक्क्याच्या बटणाकडे हात नेला,
त्यांनी नको म्हणून मान हलवली.
"निमकी," म्हणाले.
"तीस ऐकल्यापासनं मी सत्तर गेले म्हणून बसलोय.
निमकी हाय अजून."
कागद पुन्हा पुठ्ठ्यात गेला
आणि ते काळ्या मालाची तूट बघायला बाहेर गेले,
चपला उलट्यासुलट्या घालून.

सोमवारी मालकांनी शीट उघडली.
"एच सातमध्ये हा अर्धा कसला गं?
कुठल्याच बेरजेत बसत नाही."

अण्णांचा आहे, मी म्हटलं.
राहू द्या.